पुरावा कोणी द्यायचा?

एखाद्या गोष्टीनं नुकसान होईल की नाही हे कोणालाच नक्की माहीत नसेल, तर ते सिद्ध कोणी करायचं? ‘धोका आहे’ म्हणणाऱ्यानं, की ‘धोका नाही’ म्हणणाऱ्यानं? प्रश्न वरवर वकिली वाटतो. पण २०२२ साली अमेरिकेत साप, सरडे आणि कासवं पाळणाऱ्यांनी तो थेट सिनेटरांपर्यंत नेला. त्यांचं उत्तर मला पूर्ण पटत नाही. तरी ते नीट ऐकून घ्यावं असं वाटतं, आणि आपण परदेशी राहणाऱ्यांनी तर जरूर ऐकावं.

मी राहते त्या अर्विंगमध्ये हा विषय फार लांबचा नाही. डीएफडब्ल्यू विमानतळाचा काही भाग आमच्या शहराच्या हद्दीत येतो. आई-बाबांना घ्यायला आम्ही जिथे जातो, तोच विमानतळ परदेशी वन्यजीव आयात करण्यासाठी केंद्र सरकारनं नेमून दिलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी एक आहे. जवळच्या आर्लिंग्टनला सरपटणाऱ्या प्राण्यांची मोठी प्रदर्शनं भरतात. तिथे मुलाबाळांना घेऊन आलेली, आपल्यासारखीच चारचौघांतली माणसं दिसतात.

आधी कायदा समजून घेऊ. १९०० सालच्या लेसी कायद्यात उपद्रवी ठरवलेल्या प्राण्यांच्या आयातीवर बंदी आहे. पद्धत अशी, की सरकारनं आधी धोका दाखवायचा आणि मग त्या प्राण्याचं नाव यादीत घालायचं. नाव नाही तोवर या यादीची आडकाठी नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहानं २२२ विरुद्ध २१० मतांनी ‘अमेरिका कॉम्पीट्स’ विधेयक मंजूर केलं. गाजावाजा होता संगणकाच्या चिपांचा आणि चीनशी स्पर्धेचा, पण आत एका कलमानं ही पद्धत उलटी केली होती. ज्या प्रजातींची त्याआधीच्या वर्षभरात नगण्य प्रमाणापलीकडे आयात झालेली नाही, त्या सरकारनं निर्णय देईपर्यंत उपद्रवीच धरायच्या. पाळणाऱ्यांची ‘युसार्क’ ही संघटना सभासदांना घेऊन विरोधात उतरली. ऑगस्टमध्ये चिप्स कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली, तेव्हा त्यात हे कलम नव्हतं.

या लोकांना विक्षिप्त हौशी म्हणून उडवून लावणं सोपं आहे, पण त्यांच्या म्हणण्यात दम आहे. बर्मी अजगर फ्लोरिडाच्या दलदलीत माजला, पण मिनेसोटाच्या हिवाळ्यात तो घराबाहेर तग धरणार नाही. मग मिनेसोटातल्या माणसावर त्याच कारणानं बंदी का? २०१२ आणि २०१५ साली मिळून आठ जातींचे मोठे साप यादीत गेले, तेव्हा युसार्क न्यायालयात गेली. एप्रिल २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं निकाल दिला, की मुख्य भूमीवरच्या ४९ राज्यांमध्ये या प्राण्यांची आपसात ने-आण लेसी कायद्यानं रोखता येत नाही. म्हणजे सरकार अनेक वर्षं कायद्यात नसलेला अधिकार वापरत होतं. हे एका छंदिष्टांच्या संघटनेनं दाखवून दिलं. लोकशाहीत याला मी वाईट म्हणणार नाही.

त्यांचा मुख्य मुद्दा मात्र तत्त्वाचा आहे: दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष. इथे तुमच्या-माझ्या मनातली एक दुखरी जागा दुखावते. आई-बाबांच्या व्हिसाच्या मुलाखतीची तयारी तुम्हीही करून घेतली असेल. घराचे कागद, बँकेचे आकडे, ‘परत येणार ना?’ या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याचं कलम २१४ (ब) सांगतं, की पर्यटक म्हणून किंवा विद्यार्थी म्हणून येणारा इथेच राहायला आला आहे असं गृहीत धरावं. तसं नाही हे त्यानं पटवून द्यावं. पुराव्याचा भार आपल्यावर. सत्तरीच्या आईला हे सिद्ध करावं लागतं तेव्हा राग येतो. मग अजगर पाळणारा ‘आधी संशय, मग चौकशी’ या पद्धतीवर चिडला, तर आपण त्याच्याच बाजूनं उभं राहायला नको का?

याचं उत्तर शोधताना मला मुंगूस आठवतं. पंचतंत्रातली ब्राह्मणी पाणी घेऊन घरी येते, दारात रक्तानं माखलेल्या तोंडाचं मुंगूस बघते आणि त्याला मारून टाकते. आत बाळ सुखरूप असतं, शेजारी साप मरून पडलेला असतो. पुराव्याआधी शिक्षा दिली की काय होतं, हे आपण लहानपणीच शिकलो.

पण मुंगसाची दुसरीही एक गोष्ट आहे. १८७२ साली आपल्याकडची मुंगसं कलकत्त्याहून जमैकाला नेली गेली, उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला. १८८३ साली तिथून ती हवाईला गेली. त्यांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाल्ली, आणि ती आजही तिथे आहेत. १९०० च्या लेसी कायद्यात ज्या थोड्या प्राण्यांची नावं होती, त्यांत मुंगूस होतं. पण त्याआधीच हवाईचे पक्षी किंमत मोजू लागले होते.

दोन्ही गोष्टींत प्राणी एकच, आणि दोन्हींत पुरावा उशिरा आला. पहिलीत चूक झाली ती एका जिवाला दोषी ठरवण्यात. दुसरीत एका जिवाच्या दोषाचा प्रश्नच नव्हता. मुंगूस स्वभावानुसार वागलं, चूक आणणाऱ्यांची होती. ‘निर्दोष’ हा शब्द ज्याला दोष देता येतो त्यालाच लागू पडतो. माझी आई स्वतःची बाजू मांडू शकते, पुन्हा अर्ज करू शकते. तिच्याबाबतची चूक दुरुस्त होऊ शकते. प्रजातीच्या आयातीत परवानगी मागणारा असतो आयातदार. चूक झाली तर ती परत घेता येत नाही आणि भरपाई तो करत नाही.

एव्हरग्लेड्समध्ये हेच झालं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अजगर पसरण्याआधीच्या नोंदींच्या तुलनेत रकून दिसण्याचं प्रमाण ९९.३ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. नंतरच्या पाहण्यांत ससा तर एकही दिसला नाही. आणि हाच बर्मी अजगर त्याच्या मूळ प्रदेशात, आशियात, धोक्यात आलेला आहे.

माझ्या मते कसोटी अशी असावी: चूक उलटवता येत असेल, तर पुरावा बंदी घालणाऱ्यानं द्यावा. ती कायमची असेल आणि तिची किंमत तिसराच कोणी भरणार असेल, तर ज्याला फायदा हवा आहे त्यानं द्यावा.

‘पण आमचं या प्राण्यांवर प्रेम आहे,’ असं पाळणारे म्हणतात, आणि ते खोटं नाही. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचे लोकही हेच सांगतात. नागपंचमीला जिवंत नाग पकडून, मडक्यात ठेवून, पूजा करून ते पुन्हा सोडून देत. उच्च न्यायालयाच्या आदेशांनी ते थांबलं, तेव्हा त्यांनीही पुढाऱ्यांकडे धाव घेतली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नागाला देव मानतो, त्याला इजा कशी करू? भावना खरी आहे. पण मडक्यातल्या नागाला काय सोसावं लागतं, याचा पुरावा भक्ताच्या भावनेतून मिळत नाही. डिसेंबर २००९ मध्ये आर्लिंग्टनला एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामातून २६ हजारांहून अधिक प्राणी जप्त झाले, कित्येक मेलेले, मरणपंथाला लागलेले. घरी जिवापाड जपलेला सरडा कधीकधी अशा गोदामातून आलेला असतो.

माझ्या कसोटीनं सरकारवरही बंधन येतं. भार आयातदारावर टाकायचा, तर निर्णयाला मुदत हवी, शुल्क लहान माणसाला झेपेल असं हवं, नियम हवामान बघून राज्याराज्यांत वेगळा हवा, आणि आधीपासून घरात असलेला प्राणी ठेवू द्यायला हवा. टेक्सासमध्ये काही मोठे अजगर आणि परदेशी विषारी साप पाळायला परवाना लागतो, सरसकट बंदी नाही. असा मधला रस्ता काढता येतो. २०२२ चं कलम मात्र चिपांच्या विधेयकात दडवून आणलं होतं. ज्यांच्यावर भार टाकायचा त्यांच्याशी आधी बोलणं हा किमान शिष्टाचार होता.

आपल्यातले अनेकजण इथे वर्षानुवर्षं कर भरतात, पण मत देऊ शकत नाहीत. आपल्याबद्दलचे नियम आपल्याला न विचारता कसे ठरतात, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. म्हणून पाळणाऱ्यांचा संताप आपल्याला कळतो. पण त्याच अनुभवामुळे एव्हरग्लेड्समधल्या सशाची बाजूही आपल्याला कळायला हवी. पाळणाऱ्यांना निदान सिनेटरला फोन तरी करता येतो.