सातवं तिकीट

नागपूरजवळच्या जामठ्याला मॅच लागल्याची बातमी आली की वाशिमात तिकिटाची चौकशी नंतर सुरू होते. आधी फोन लागतात ते पासासाठी. "पासचं काही जमते का भाऊ?" हा प्रश्न नागपुरात नोकरीला असलेल्या साळ्याला जातो, पोलिसात असलेल्या वर्गमित्राला जातो आणि ज्याच्याशी गेल्या लग्नसराईनंतर बोलणं नाही त्या मावसभावालाही जातो. विचारणाऱ्यांत कापड दुकानदार असतो, डॉक्टर असतो, प्राध्यापक असतो. तिकिटाचे पैसे यांतल्या कुणालाही जड नाहीत. पण खिशातून पैसे काढून मॅच पाहिली, हे चारचौघांत सांगण्यात काय मजा? "पास होता आपल्याकडं" म्हणताना जी ऐट येते, ती विकतच्या तिकिटात येत नाही.

ज्याच्याकडे पास मागितला जातो त्याचं काय होतं, हे मागणारा कधी बघत नाही. पोलिसातल्या त्या वर्गमित्राची मॅचच्या दिवशी बंदोबस्ताला ड्युटी लागलेली असते. सकाळपासून उन्हात, पाठ मैदानाकडे आणि तोंड गर्दीकडे. त्याला स्वतःला मॅच दिसत नाही, ऐकू तेवढी येते. त्यानं साहेबांपुढं उभं राहून आपल्यासाठी दोन पास मागावेत, नाही मिळाले तर आपला रुसवा झेलावा आणि मिळाले तर साहेबांचा उपकार पुढं कधीतरी फेडावा, असं सगळं त्या एका फोनमध्ये भरलेलं असतं. दुसरीकडे मानोऱ्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा पोरगा तिकीट विक्री सुरू व्हायच्या वेळेला फोन हातात धरून बसतो. त्याची ओळख कुठंच नाही. बघता बघता तिकिटं संपल्याचं फोनवर दिसतं. स्टेडियमची आसनं सुमारे पंचेचाळीस हजार. पासावर गेलेली प्रत्येक खुर्ची त्याच आकड्यातून वजा होते. मग हाच पोरगा दुपटीनं-तिपटीनं ब्लॅकमध्ये तिकीट घेतो आणि आपण चहाच्या टपरीवर ब्लॅकवाल्यांना शिव्या देतो.

वाशिमहून जामठ्याला जाणं म्हणजे तसा मोठा कार्यक्रम. दोनशेच्या वर किलोमीटर अंतर. एकट्यानं होत नाही, पाच-सहा जण जमतात. गाडी कुणाची, डिझेलची वर्गणी किती, शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढायचं की कारंज्यावरून जुन्या रस्त्यानं अमरावती करत जायचं, डबा न्यायचा की नागपुरात सावजी खायचं, परतताना कुठं थांबायचं, हे सगळं रात्रीतून ठरतं. पाण्याची बाटली, पॉवर बँक असलं काही सहसा आत नेऊ देत नाहीत, हे माहितीतला माणूस बजावून सांगतो. गाडी लांब लावून खापरीपर्यंत मेट्रोनं जावं असंही कुणी सुचवतो आणि कुणी ऐकत नाही. आपल्या लोकांना नियोजन जमत नाही, हा आरोप मला तरी मान्य नाही. उत्तम जमतं. फक्त आपल्या त्या एका दिवसाच्या मजेचा भार कुणाकुणावर पडणार, हा प्रश्न त्या यादीत नसतो.

नागपूरकरांना 26 नोव्हेंबर 1995 चा रविवार विसरता येणार नाही. तेव्हा जामठा नव्हतं. सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या जुन्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंडचा एकदिवसीय सामना होता. दोन डावांच्या मधल्या वेळात एका स्टँडची भिंत कोसळली आणि मॅच बघायला आलेली माणसं दगावली. सामना थांबला नाही. नेथन अ‍ॅस्टलचं शतक आधीच झालेलं होतं, न्यूझीलंड जिंकलं आणि धावफलकात सगळी नोंद व्यवस्थित राहिली. बांधकाम कुणाचं, दोष कुणाचा हा वेगळा विषय आहे. मला खुपतं ते एवढंच, की एका कोपऱ्यात माणसं ढिगाऱ्याखाली आणि दुसऱ्या कोपऱ्यात चौकारावर टाळ्या, हे एकाच मैदानात एकाच वेळी होऊ शकलं. पलीकडच्या स्टँडमधल्यांना कळलंच नसेल, असं म्हणता येईल. गर्दीचा स्वभावच तो. मागून रेटणाऱ्याला पुढं चिरडला जाणारा दिसत नाही, म्हणून तो निर्धास्तपणे रेटतो.

बंगळुरूला 4 जून 2025 रोजी तेच झालं. चिन्नास्वामी स्टेडियममध्ये विजयाचा सोहळा होता, मोफत पासांची घोषणा झालेली होती, पास कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही याचा पत्ता नव्हता आणि फाटकाबाहेर 11 जण गुदमरून, चेंगरून मेले. त्यांत एकही माणूस दुसऱ्याला मारायच्या इराद्यानं आलेला नव्हता. प्रत्येक जण फक्त थोडा पुढं सरकत होता. आयोजक आणि सरकार यांची जबाबदारी मोठी, ती त्यांच्याकडून वसूल झालीच पाहिजे. पण "तिकीट नाही तर नाही, फाटकापर्यंत जाऊन बघू, आत शिरता आलं तर शिरू" असं म्हणत निघणारा आपल्यातलाच असतो, आणि तो दरवेळी असतो.

गर्दी आली की गोंधळ व्हायचाच, असं म्हणणाऱ्यानं आषाढीच्या आधी मेडशीला, शिरपूरला किंवा रिसोडला जाऊन उभं राहावं. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. पांढऱ्या कपड्यांतल्या वारकऱ्यांच्या रांगा, मधून चालायला जागा मोकळी. दर्शनाला अख्खा गाव लोटतो, तरी कुणाला कुणाचा धक्का नाही. यावर उत्तर ठरलेलं आहे: "ती भक्ती आहे, ही करमणूक आहे." मला हे पटत नाही. भक्तीच्या नावाखाली चेंगराचेंगरी झालेली ठिकाणं आपल्या देशात कमी नाहीत. पालखीत शिस्त आहे ती प्रत्येकाची जागा ठरलेली आहे म्हणून आणि ती जागा सोडून पुढं घुसण्यात कुणाला भूषण वाटत नाही म्हणून. स्टेडियमच्या तिकिटावर गेट नंबर असतो, रांग असते, खुर्चीचा नंबर असतो. ठरवून दिलेलं सगळं आहे. भूषणाचा प्रश्न तेवढा शिल्लक आहे.

आत बसल्यावरचं वागणं हा आणखी एक विषय. या बाबतीत रग्बीकडून घेण्यासारखं आहे. रग्बी हा खेळ आपल्याकडे फार कुणी पाहत नाही. जून 2025 मध्ये मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात रग्बीची लीग झाली, ती वऱ्हाडात किती जणांनी पाहिली असेल कोण जाणे. खेळ अंगावर येणारा आहे. धडका, पाडापाडी, चिखल, फुटलेले ओठ. पण आयर्लंडमधल्या लिमरिक शहराच्या थॉमंड पार्क मैदानावर एक रीत आहे. गोलखांबांमधून चेंडू मारायला खेळाडू उभा राहिला की सगळं मैदान गप्प होतं. पाहुण्या संघाचा खेळाडू असला तरीही. त्याचा नेम चुकावा असं तिथल्या प्रत्येकाला मनातून वाटत असतं, आणि तरीही हजारो माणसं तोंड मिटून बसतात. रग्बीच्या मैदानांत दोन्ही संघांचे पाठीराखेही सहसा शेजारी शेजारी बसतात, मध्ये जाळी लागत नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या करंडकासाठी खेळतात त्याचं नाव तर कलकत्ता कप. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा खात्यातले चांदीचे रुपये वितळवून 1878 मध्ये तो घडवला. मुठी नागाच्या आणि झाकणावर हत्ती. म्हणजे आपल्या रुपयांचा करंडक तिकडे आहेच, तिथली ती रीत इकडे यायला हरकत नसावी.

जामठ्यात 12 मार्च 2011 ला विश्वचषकाचा सामना झाला. सचिननं 111 केले, त्याचं नव्व्याण्णवावं आंतरराष्ट्रीय शतक. एका गड्याच्या मोबदल्यात 267 वरून भारत 296 वर सर्वबाद झाला आणि दक्षिण आफ्रिकेनं दोन चेंडू राखून सामना मारला. त्या रात्री पाहुण्या संघासाठी उठून टाळ्या वाजवणं अवघड होतं, कबूल. पण सीमारेषेवर उभ्या असलेल्या परक्या खेळाडूच्या आईबहिणीचा उद्धार करायला काही हरावं लागत नाही. आपण जिंकत असतानाही तो चाललेला असतो. बाजूला आपलाच नऊ-दहा वर्षांचा पोरगा गालावर तिरंगा रंगवून बसलेला असतो आणि बाप काय बोलतो ते नीट ऐकत असतो. घरी त्यानं तोच शब्द वापरला की कानाखाली बसते.

आता परतीचं. यावर जास्त लिहायचं आहे, कारण यावर कुणीच बोलत नाही.

बहुतेक वेळा गाडी भाड्याची असते आणि तिच्यासोबत ड्रायव्हर येतो. सहा जणांची सहा तिकिटं काढलेली असतात, ड्रायव्हरचं नसतं. तो सकाळी सातला गाडी धुऊन, उदबत्ती लावून दारात उभा राहतो. नागपुरात पोचल्यावर कुणाला बर्डीवर खरेदी करायची असते, कुणाला आत्याला भेटायचं असतं, ते सगळं तो करतो. दुपारनंतर वर्धा रोडच्या गर्दीतून वाट काढत गाडी जामठ्याला आणतो. आपण आत जातो. तो पार्किंगच्या शेतात सीट मागं टाकून पडतो. काच खाली केली तर डास, वर केली तर घाम. दर दहा मिनिटांनी आतून आरडाओरडा उठतो, त्यानं त्याला विकेट पडली की षटकार गेला एवढं कळतं. अशा आवाजात झोप लागत नसते. मॅच सुटल्यावर पार्किंगमधून मोठ्या रस्त्याला लागायलाच कितीतरी वेळ जातो. मग आपण मागं माना टाकून झोपतो आणि तो आपल्याला घरी नेतो.

23 सप्टेंबर 2022 ला तर मैदान ओलं राहिल्यामुळं भारत-ऑस्ट्रेलिया सामना सात ऐवजी साडेनऊला सुरू झाला, तोही आठ-आठ षटकांचा. रोहित शर्मानं वीस चेंडूंत नाबाद 46 मारले आणि आलेल्यांचे पैसे फिटले. पण दूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या गाड्यांचं वेळापत्रक अडीच तासांनी पुढं सरकलं आणि ते सगळे तास जागले ते ड्रायव्हर. आता समृद्धी झाली आहे. कारला ताशी 120 ची मुभा आहे, रस्ता सरळ आणि गुळगुळीत आहे, समोरून गाडी येत नाही. झोप यायला याहून चांगला रस्ता नाही. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर आपल्याच जिल्ह्यातून पुढं गेलेली नागपूर-पुणे खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि 25 जण जळून गेले. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. त्या चर्चेनंतर रात्रीच्या ड्रायव्हरला झोप मिळावी म्हणून आपण आपल्या वागण्यात काय बदललं, ते ज्यानं त्यानं सांगावं.

कायदा होता. मोटार वाहतूक कामगारांसाठीचा 1961 चा कायदा 2025 पर्यंत दिवसाला आठ तासांचं काम सांगत होता. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकालाच लागू होता. बसस्टँडजवळ एक गाडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग होता? त्याचे तास मोजायचे कुणी, तर त्याच्या गाडीत बसणाऱ्यांनी. "तुले झोप तं नाही न येऊन राहिली बे?" हे रात्री दीड वाजता विचारण्यात अर्थ नाही. तो नाहीच म्हणणार, कारण हो म्हटलं तर उद्याचं भाडं जातं. हा प्रश्न विचारायचा तो बुकिंगच्या वेळी, गाडी ठरवतानाच. आणि तो असा विचारायचा: "दादा, तुम्हाला मॅच बघायची आहे की झोपायचं आहे?"

त्याला मॅच बघायची असेल तर सातवं तिकीट काढा, त्याला आपल्याच रांगेत बसवा आणि रात्री कुणीच गाडी हाकू नका. नागपुरात लॉज आहेत, नातेवाईक आहेत, तेही नसतील तर रेल्वे स्टेशनजवळच्या धर्मशाळा आहेत. सकाळी चहा घेऊन निघालात तरी दुपारच्या जेवणाला वाशिमात पोचाल. झोपायचं असेल तर मॅच चालू असेपर्यंत त्याच्यासाठी खोली घ्या. पार्किंगच्या शेतातून बाहेर, पंख्याखाली. तिचं भाडं सहा जणांत वाटलं तर मैदानातल्या वड्या-समोशाच्या खर्चापेक्षा कमी पडेल. दोन्हींपैकी काहीच परवडत नसेल, तर त्या मॅचला जाऊ नका, टीव्हीवर बघा. पुढची तारीख जाहीर होईल तेव्हा वर्गणीचा हिशेब मांडायला बसाल, त्यात ही रक्कम डिझेलच्या वर लिहा.