मूळ प्रत आणि मनांतली प्रत

गेल्या चातुर्मासांत आमच्या घरीं घडलेला एक लहानसा प्रसंग अद्याप आमच्या मनांतून जात नाहीं. आमचें बिऱ्हाड नगरास. शहराचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, पण घरांतल्या वडील मंडळींच्या तोंडीं अजून नगरच आहे. आमच्या वृद्ध आत्याबाई रोज सायंकाळीं ज्ञानेश्वरींतील कांहीं ओंव्या म्हणतात. पोथी समोर असते, परंतु दृष्टि अधू झाल्यामुळें ती केवळ मानापुरती. त्या दिवशीं महाविद्यालयांत शिकणारा आमचा पुतण्या ज्ञानेश्वरीची शासकीय प्रत उघडून त्यांच्या शेजारीं बसला होता. एका ओंवीपाशीं त्यानें त्यांस थांबविलें. "आजी, मूळ प्रतींत हा शब्द नाही, तू म्हणतेस तो मागाहून आलेला आहे." आत्याबाई क्षणभर गप्प राहिल्या. "माझ्या आईनं मला असंच शिकवलं रे," एवढेंच म्हणाल्या, आणि पोथी मिटून आंत गेल्या.

खरें सांगावयाचें तर आम्हांस त्या वेळीं पुतण्याच्या अभ्यासाचें कौतुकच वाटलें. रात्रीं मात्र वाटूं लागलें कीं, मुलगा चुकला नव्हता आणि आत्याबाईहि चुकल्या नव्हत्या. मग दुखावलें तें काय?

हा प्रश्न आमच्या घरापुरता नाहीं. चित्रपटांच्या रसिकांत हाच वाद निराळ्या वेषानें चालू आहे. 1960 सालचा 'मुघल-ए-आझम' बहुतांशीं कृष्णधवल होता. 2004 सालीं तो संपूर्ण रंगीत करून पुन्हा दाखविण्यांत आला. कोणास त्यानें जुनें वैभव नव्या पिढीपुढें आलेंसें वाटेल. कोणास आपल्या आठवणींवरून परक्यानें कुंचला फिरविल्यासारखें वाटेल. 'शोले'ची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. ठाकूर गब्बरला ठार करतो असा शेवट दिग्दर्शकानें चित्रित केला होता. परंतु 1975 सालीं, आणीबाणीच्या दिवसांत, परिनिरीक्षण मंडळाच्या आग्रहावरून तो बदलावा लागला, आणि ऐन वेळीं पोलीस येऊन ठाकुराचा पाय थांबवितात असा शेवट लोकांपुढें आला. पन्नास वर्षांनीं, 2025 सालीं, पहिला शेवट पडद्यावर दिसला. ज्यांनीं पोलिसांचा शेवट पाठ होईपर्यंत पाहिला आहे, त्यांस कर्त्याच्या मनांतला शेवटच उपरा वाटला तर त्यांत नवल काय?

परंतु या वादाचें मर्म पाहण्यासाठीं आम्हां नगरकरांस चित्रगृहापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. नेवाशापर्यंत गेलें म्हणजे पुरें. तेथें प्रवरेच्या कांठीं शके 1212 मध्यें, म्हणजे 1290 सालीं, ज्ञानदेवांनीं गीतेवरील आपली टीका सांगितली व सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असें परंपरा मानते, तो पैसाचा खांब आजहि उभा आहे. खांब जागचा हलला नाहीं. ग्रंथ मात्र चालत राहिला. हातानें नक्कल करणाराचा हात चुकला, कोणास एखादा शब्द जुनाट वाटला म्हणून त्यानें तो सोपा केला, कोणीं भक्तिभरानें स्वतःची ओंवी आंत बसविली. ही सर्व उठाठेव प्रेमाचीच होती, द्वेषाची नव्हे. तीनशें वर्षांत पाठभेद इतके वाढले कीं, पैठणच्या एकनाथमहाराजांस शके 1506 मध्यें, म्हणजे 1584 सालीं, ग्रंथशुद्धीचें काम हातीं घ्यावें लागलें. नाथांनीं पाठ शुद्ध केला, आपण काय केलें व केव्हां केलें तें ग्रंथाच्या अखेरीस नमूद केलें, आणि यापुढें कोणीं आपली ओंवी यांत मिसळूं नये अशी ताकीदहि दिली. वारकरी संप्रदायानें हीच प्रत हृदयाशीं धरली.

आणि येथेंच खरी गंमत आहे. 1909 सालीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ज्ञानेश्वरीची एक हस्तलिखित प्रत छापून प्रसिद्ध केली, व ती नाथांच्याहि पूर्वीची असल्याचें प्रतिपादन केलें. तिची भाषा अधिक जुनी, रूपें अनोळखी. अभ्यासकांस ती मोलाची वाटली. 1960 सालची शासकीय प्रत तिच्याच आधारानें सिद्ध झाली. परंतु ज्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या नाथांच्या पाठाचें पारायण होत आलें होतें, त्यांच्या कानांस हें जुनेंच नवें वाटलें. मूळ म्हणून जें पुढें आलें, तेंच त्यांस फेरफार केल्यासारखें भासलें.

यावरून आम्हांस असें दिसतें कीं, 'मूळ' हा एक शब्द आपण दोन अर्थांनीं वापरतों आणि मग एकमेकांशीं भांडतों. एक मूळ काळाच्या दृष्टीनें पहिलें. तें शोधून काढणें हें पंडिताचें काम, आणि तेथें पुराव्यावांचून दुसऱ्या कशाचीहि मातब्बरी नाहीं. दुसरें मूळ आपल्या आयुष्यांत पहिलें. आईच्या मांडीवर ऐकलेलें, किंवा चित्रगृहाच्या अंधारांत प्रथम पाहिलेलें. याला पुरावा लागत नाहीं, आणि पुराव्यानें तें खोडतांहि येत नाहीं. आमच्या पुतण्यानें पहिल्या मूळाच्या जोरावर दुसरें खोडूं पाहिलें. त्याची चूक असेल तर ती एवढीच.

मग फेरफार करण्याचा अधिकार कोणास? कर्त्यास, असें उत्तर सहज सुचतें. परंतु तेंहि पुरेसें नाहीं. 'स्टार वॉर्स' या अमेरिकन चित्रपटांत त्याच्या कर्त्यानेंच, जॉर्ज ल्यूकस यांनीं, 1997 सालीं फेरफार केले, आणि पुढें बदललेली प्रतच काय ती खरी असें धोरण ठेविलें. रसिकांस नवें रूप आवडलें नाहीं याहून जुनें रूप सहजासहजीं मिळेनासें झालें, हें शल्य अधिक बोंचलें. उलट 2025 सालीं 'रांझणा' या 2013 सालच्या चित्रपटाच्या तमिळ आवृत्तीचा करुण शेवट यंत्रबुद्धीच्या साहाय्यानें सुखान्त करून ती पुन्हा प्रदर्शित करण्यांत आली. दिग्दर्शक आनंद राय यांनीं जाहीर निषेध केला. हक्कदाराजवळ कागद होता. पण कर्ता हयात असतां, त्याच्या इच्छेविरुद्ध, त्याच्याच नांवानें निराळी गोष्ट सांगण्याचा नैतिक अधिकार कोणत्याहि कागदानें मिळत नाहीं असें आम्हांस वाटतें.

याच्या उलट उदाहरण पुण्याच्या भांडारकर संस्थेचें. 1919 सालीं आरंभ होऊन 1966 सालीं पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत, गणपति लेखक झाल्याची कथा मुख्य संहितेंत नाहीं. वस्त्रहरणाच्या वेळीं द्रौपदीनें केलेला श्रीकृष्णाचा धांवाहि नाहीं. हे दोन्ही प्रसंग प्रत्येक मराठी घरांत लहानपणापासून ऐकलेले! परंतु संपादकांनीं तीं स्थळें फेंकून दिलीं नाहींत. तळटीपांत व परिशिष्टांत तीं जशींच्या तशीं जपून ठेविलीं आहेत. ज्याला पाहिजे त्यानें पान उलटावें. बदलणारानें आपला बदल उघड सांगावा, आणि मागचें पुसून टाकूं नये: एवढीं दोन पथ्यें पाळलीं तर वादांतील विष बरेंचसें उतरेल. नाथांनीं पहिलें पाळलें. मुद्रणकलेमुळें दुसरें पाळणें आपणांस नाथांच्या काळापेक्षां कितीतरी सोपें झालें आहे.

राहिली आत्याबाईंची गोष्ट. त्यानंतर कित्येक दिवस त्या ओंवीपाशीं आल्या कीं त्या अडखळत, आणि ती गाळून पुढें जात. अखेर पुतण्याच एका संध्याकाळीं त्यांच्यापाशीं जाऊन बसला व म्हणाला, "आजी, तुझी ओवी सांग, लिहून घेतो." त्यांनीं ती सांगितली. त्यानें ती शासकीय प्रतीच्या समासांत शिसपेन्सिलीनें लिहिली, व खालीं 'आजींचा पाठ' अशी टीप घातली. मग आत्याबाईंनींच विचारलें, "आणि तुझ्या पुस्तकात काय आहे रे?" त्यानें वाचून दाखविलें. त्यांनीं लक्ष देऊन ऐकलें, बरें आहे म्हणाल्या, आणि आपली ओंवी आपल्या आईच्या शब्दांत पुन्हा म्हटली.