धुऱ्यापलीकडची फरदड

डिसेंबरअखेर. वलगावातल्या एका घराच्या परसात आजोबा आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकणारी नात.

नात : आबाजी, न्हाणीमागच्या वाफ्यात आलू उगवले. यंदा तर आपण लावलेच नाईत.

आबाजी : मागच्या साली खणताना मातीत राह्यले असतीन. येऊ दे. न लावता आलेलं झाड उपटाचं पाप कायले?

नात : बाजूले वांगे हायेत. आलू अन् वांगं एकाच कुळातले. मर रोग या राह्यलेल्या कंदात टिकून राहू शकते.

आबाजी : मी रोज वाफ्यात असतो. एक झाड सुकलं का उपटून टाकतो.

नात : ठीक. हे तुमच्या नजरेखाली हाय. पण वावरातली पऱ्हाटी? तिले पाणी देऊन फरदड, म्हन्जे वेचणी झालेल्या कपाशीवर पुन्हा बोंडं, घेतो म्हन्ता.

आबाजी : दोन वेचे तरी निघतीन. बियाणं नाई, नांगरणी नाई, फक्त पाणी. कर्जाच्या घरात दोन वेचे थोडे नाईत, बाई.

नात : त्याची किंमत धुऱ्यापलीकडचा देते. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते. हिरवी बोंडं संपली का तिची वाढ थांबते; आपण मार्चलोक बोंडं ठेवली का तिच्या आणखी पिढ्या निपजतात. 2017 मध्ये बीटी बियाणं असूनही विदर्भाची बोंडं किडली, अळी त्या बियाण्याले दाद देत नव्हती. शेजारचे काका कोरडवाहू. फरदडीचं एक बोंड त्यायले मिळत नाई, पण पावसाळ्यात पतंग त्यायच्या वावरात जाते.

आबाजी : सारेच ठेवतात. म्या एकट्यानं उपटून काय होते?

या प्रश्नापाशी नात गप्प झाली, आणि तिचं गप्प होणं मला रास्त वाटतं. एका वावरानं शिवार वाचत नाही. ज्याच्या घरी हप्ता थकला आहे, त्याला नुसतं शास्त्र सांगून भागतही नाही. उत्तर शेवटी आबाजींनीच शोधलं.

आबाजी : 20 तारखेले गाडगेबाबाची पुण्यतिथी झाली. 1956 मध्ये बाबा इथंच, पेढी नदीच्या काठी गेले. गावात आले का पहिले खराटा हाती घेत, मंग भाकर. सारं गाव झाडाले येईन म्हणून ते कधी थांबले नाईत. (थोडं थांबून) पण मंग माह्या दोन वेच्यायचं काय?

नात : पाणी हायेच. उन्हाळी भुईमूग पेरू. वेच्याएवढे पैसे लगेच येनार नाईत, हे खरं.

आबाजी : आलू राहू दे. पऱ्हाटी उद्या काढू.

ओलिताची सोय असलेल्या वऱ्हाडातल्या प्रत्येक कास्तकाराला माझं हेच मागणं आहे. जानेवारीचं पाणी कपाशीला देऊ नका. पऱ्हाट्या चुलीसाठी दाराशी रचून ठेवू नका, त्यांच्यावरच्या किडक्या बोंडांत अळी जिवंत असते. आणि पऱ्हाटी काढण्याआधी धुऱ्यावरच्या शेजाऱ्यालाही सोबत बोलवा.