वरच्या ‘सा’नंतर

कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला उपदेश दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत उलट्या बाजूने कसाला लागतो. इथे फळ आधी हाती येते; ज्याचे ते फळ, ते कर्म अजून पुरते व्हायचे असते. झी मराठीच्या २००८-०९ मधील ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’मध्ये परीक्षक आकड्यांऐवजी स्वरांत गुण देत. ‘नी’ मिळाला तरी आनंद, आणि ‘वरचा सा’ म्हणजे सर्वोच्च दाद. ज्या स्वराची आयुष्यभर साधना करायची, तोच बक्षीस म्हणून पदरात पडे. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. तिच्यासह आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत ही नावे काही महिन्यांत घरोघरी पोचली.

असे गायक जोखायला एक जुने माप आहे. यादव राजा सिंघणाच्या दरबारी हिशेबाचे काम पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात देवगिरीला ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गायकांचे पाच प्रकार आहेत: शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक. अनुकार दुसऱ्याची गायकी उचलतो, रंजक श्रोत्यांना रिझवतो, भावक गाण्यात नवा भाव ओततो. स्पर्धेतली बहुतेक गाणी आधीच गाजलेली असतात, निकाल प्रेक्षकांच्या मतांवर फिरतो. म्हणजे कस लागतो तो अनुकार आणि रंजक यांचा. त्यात कमीपणा नाही, प्रत्येक शिष्य अनुकरणातूनच जातो. पण टिकते ती भावकाची कारकीर्द, आणि भावक घडण्याइतका वेळ कोणत्याही पर्वात नसतो.

मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जियागंजचा अरिजित सिंग २००५ मध्ये ‘फेम गुरुकुल’ या हिंदी स्पर्धेतून अंतिम फेरीआधीच बाहेर पडला. पुढे त्याने संगीतकारांच्या हाताखाली स्टुडिओत काम केले. ‘आशिकी २’ या चित्रपटातले त्याचे ‘तुम ही हो’ हे गाणे आले २०१३ मध्ये. मधल्या आठ वर्षांत फळाची हमी नव्हती, काम होते.

गीतेतला निष्काम म्हणजे उदासीन नव्हे. मानधन घेणारा, कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घेणारा गायकही निष्काम असू शकतो. टाळ्या नसलेल्या पहाटे तानपुरा जुळवून तो खर्ज लावतो का, एवढेच पाहायचे. ‘लिटल चॅम्प्स’च्या त्या पाच जणांनी गाणे सोडले नाही. एक तप उलटल्यावर, २०२१ मध्ये, ते त्याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात परीक्षकांच्या जागी बसले.