बांधाचा धनी कोण?

खाजनाचा बांध फुटतो तेव्हा खारे पाणी एक-चौदाचा उतारा वाचून शेतात शिरत नाही. हे गावकाराचे, हे कुळाचे, असा भेद त्यास ठाऊक नसतो. मात्र तो बांध राखणाऱ्या मंडळात कोणी बसावे, हा प्रश्न निघाला की आम्ही लगेच वंशावळ उघडतो.

नदीकाठच्या खाऱ्या दलदलीतून काढलेली ही खाजने गोव्यात सुमारे 18 हजार हेक्टर भरतात. चिखलमातीचे बांध, भरतीस आपोआप मिटणारी मानशीची लाकडी दारे, खारेपणा सोसणारे कोरगुट भात, हा सारा संसार गावकरीने शतकानुशतके चालविला. 1526 च्या फोरालात पोर्तुगीजांनी तिच्या रूढी लिहून घेतल्या. म्हणजे संस्था त्याहून जुनी. तिचे सभासदत्व पुरुषवंशाने चालत आले. परंतु गावकार ज्या उत्पन्नाचा वाटा घेई, त्याच उत्पन्नातून बांधाचा खर्चही निघे. हक्क आणि भार एका दावणीला बांधलेले होते. गावकरीस नुसती जन्माची मिरास म्हणून हिणविणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.

1964 च्या कूळ कायद्याने चित्र पालटले. कसणारास संरक्षण मिळाले, 1976 च्या दुरुस्तीने त्याच्या मालकीचा मार्ग खुला झाला आणि बांधांची देखभाल कूळ संघांकडे आली. हा विस्तार न्याय्यच होता. तथापि दावण तेथेच सुटली. मानशीतील मासेमारीचा लिलाव रोख पैसा देतो. मासळीच्या लोभाने दार अवेळी उघडे राहिले की भात जाते. कित्येक ठिकाणी संघ लिलावापुरता जागा आणि बांधापुरता निजलेला, अशी स्थिती आम्ही पाहिली आहे. यादी वाढली, कर्तव्य वाढले नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका तक्रारीसाठी एक गावकार व एक कूळ आमच्याकडे आले. सोबत साक्षीस एक वृद्ध मजूर बाई होती. वीसेक वर्षे तिने त्या बांधावर चिखल वाहिला होता, आणि फुटण्याची जागा तिने आधीच दाखविली होती. आम्ही सभासदांची यादी वाचून दाखविली, तेव्हा ती म्हणाली, ‘‘वकीलबाब, ह्या यादींत हांव खंय?’’ तिची साक्ष चालत होती, मत चालत नव्हते. आम्हांस उत्तर सुचले नाही.

पुरंदर तालुक्यात, 1972 च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी नायगावच्या पाणी पंचायतीत याचे एक उत्तर दिले होते. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या मापाने: दर माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते, भूमिहीनासही वाटा, आणि उसास बंदी. ते माप येथे जसेच्या तसे लागू पडणार नाही. तेथे पाणी वाटावयाचे होते, येथे ते थोपवावयाचे आहे. खाजनात वाटण्याजोगी वस्तू म्हणजे निर्णय: दार केव्हा उघडावे, लिलाव कोणत्या अटींवर द्यावा, त्याचा पैसा कोठे खर्चावा. जो बांधावर दिवस घालतो किंवा बांध फुटल्यास ज्याची चूल विझते, त्यास या निर्णयात मत असावे; आणि मत घेणारावर श्रमाचा वा पैशाचा वाटा बंधनकारक असावा, असे आमचे मत आहे.

आमच्या वाचकांत पुष्कळ देवस्थानांचे महाजन आहेत. तेथेही अधिकार वंशाने चालतो, 1933 च्या नियमावलीने तो बांधून दिला आहे. ‘‘उद्या हाच न्याय देवळात आणाल,’’ असे कोणी म्हणेल. तो वाद निराळा आहे व आम्ही तो टाळीत नाही. परंतु महाजनांच्या चुकीने देव बुडत नाही. शेत बुडते.

त्या तक्रारीत पुढे तडजोड झाली, बांधही सांधला गेला. पुढील सभेच्या नोटिशीचा मसुदा आम्हीच केला होता, आणि ‘सभासदांनी’ या शब्दापुढे ‘व बांधावर काम करणाऱ्यांनी’ असे घातले होते. नोटीस लागली तेव्हा ते शब्द खोडलेले होते.