चवीपुरतं मीठ

इथे जपानमध्ये समोरच्याच्या मनातलं न सांगता ओळखण्याला ‘हवा वाचणं’ म्हणतात. आपल्या आया ‘चवीपुरतं मीठ’ म्हणतात, तसंच! पण सॉफ्टवेअर करताना चव कोणाची धरायची? अंदाज चुकला, की बोल लागतो तो बहुधा कनिष्ठाला किंवा परक्याला.

मोबाइलमधून पैसे देण्यासाठीच्या फेलिका चिपकडून नेमकं काय हवं, ते २००० च्या दशकात इथल्याच अभियंत्यांनी व्हीडीएम या काटेकोर, गणिती भाषेत मांडलं. बऱ्याच चुका प्रोग्रॅम लिहिण्याआधीच सापडल्या.

असं लिहून घेणं काहींना अविश्वासाचं वाटतं. मला न्यायाचं वाटतं. नव्याने आलेल्याला हवा वाचता येत नाही, कागद वाचता येतो. अर्थात, लिहिलेलं सुसंगत आहे का, एवढंच गणित सांगेल. मुळात हवं काय होतं, हे समजायला चहा घेत गप्पाच माराव्या लागतात.