तीच गाडी, नवा मेंदू

एखाद्या वस्तूचे किती भाग बदलले म्हणजे ती पूर्वीची राहत नाही, हा प्रश्न फार जुना आहे. थीसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या काढून अथेन्सवासी नव्या बसवीत आणि हे जहाज तेच की दुसरे यावर तत्त्वज्ञांत वाद चाले, असे प्लुटार्कने नोंदविले आहे. आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की, चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय? एकेक नाकारीत गेल्यावर 'रथ' हे केवळ व्यवहारापुरते नाव उरते. परंतु जहाजाला आणि रथाला स्मृती नव्हती. ज्या यंत्राला स्मृती आहे, त्याची ती स्मृतीच काढून तेथे दुसरी बसविली तर? हा प्रश्न आज जुन्या मोटारीच्या कोणत्याही मालकासमोर उभा राहू शकतो.

१ एप्रिल २००० पासून 'इंडिया २०००' ही धुराची मानके देशभर लागू झाली. त्या सुमारास मोटारींतील कार्ब्युरेटर मागे पडत गेला आणि इंधन किती फवारायचे, ठिणगी केव्हा पाडायची, हे ठरविणारा एक छोटा संगणक इंजिनाच्या सोबतीला आला. गॅरेजात त्याला ईसीएम किंवा नुसते 'कॉम्प्युटर' म्हणतात. इंजिन झिजते, इंजेक्टर थोडे चोंदतात, कोठून तरी आगंतुक हवा शिरते. बाहेर पडणाऱ्या धुरातील ऑक्सिजनवरून संगणक हे ताडतो, इंधनाचे प्रमाण किंचित कमीअधिक करतो आणि केलेली दुरुस्ती लक्षात ठेवतो. त्या एका गाडीच्या वार्धक्याची टिपणवहीच ती. पण हा वहीकारही म्हातारा होतो. त्यातील कपॅसिटर सुकतात किंवा पाझरतात, उष्णतेने डाखाचे सांधे तडकतात. मग गाडी तापली की वाटेत बंद पडते आणि निवली की काही न झाल्यासारखी चालू होते.

आमच्या घरातील २००४ सालच्या गाडीचे असेच झाले. बेळगावच्या उद्यमबागेकडील एका गॅरेजात ती नेली, तेव्हा मिस्त्रींनी संगणकाला प्रथम हातच लावला नाही. बॅटरी, अर्थिंगची वायर, रिले, गंजलेले कनेक्टर असे एकेक तपासून झाले. संगणकावर ठपका ठेवलेल्या कित्येक गाड्यांत खरा दोष एखाद्या गंजलेल्या जोडात निघतो, असे त्यांचे म्हणणे. हा केवळ कारागिराचा सावधपणा नव्हे. सापडत नसलेल्या दोषाचे खापर सर्वांत गूढ भागावर फोडणे सोपे असते, आणि तो मोह टाळणे हे दुरुस्तीचे पहिले नीतितत्त्व आहे. अखेर दोष संगणकाचाच ठरला. नवा भाग मिळेना, म्हणून भंगारात निघालेल्या त्याच जातीच्या गाडीचा, तोच भाग-क्रमांक असलेला संगणक आणून बसविला. तरी इंजिन सुरू होईना. किल्लीत एक सूक्ष्म चिप असते. तिचा सांकेतिक क्रमांक संगणकाजवळच्या नोंदीशी जुळला तरच इंजिन चालते. हा संगणक आपल्या जुन्या घरची नोंद घेऊन आला होता. मिस्त्री म्हणाले, "गाडी तीच हाय की वो साहेब, किल्लीची वळख तेवढी करून द्यायला पायजे."

या साध्या वाक्यात आम्हांस दोन गोष्टी वेगळ्या झालेल्या दिसल्या. सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने व्यक्तीचे 'तेच'पण तिच्या स्मृतीच्या सातत्यात पाहिले. त्या कसोटीवर आमची गाडी संपलीच होती. पण किल्ली जुळवून गाडी काही दिवस चालविल्यावर नव्या संगणकाने ती वही पुन्हा लिहिली. हे शक्य झाले, कारण स्मृती ही संगणकाची स्वतःची मिरास नव्हती. ती झिजेची नोंद होती आणि झीज इंजिनात जागच्या जागी होती. ज्याची आठवण ठेवायची ते शिल्लक असेल, तर आठवण पुन्हा कमावता येते. ओळखीचे तसे नाही. गाडी हजार मैल ढकलीत नेली तरी किल्ली जुळणार नाही. ओळख कमावता येत नाही. ती कोणीतरी द्यावी लागते.

नैतिक प्रश्न येथूनच सुरू होतो. ती देण्याचा अधिकार कोणाचा? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. प्रकरण पुढे न्यायालयांत गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या कक्षेतही मोटारी होत्या. पूर्ण किंमत मोजून घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या संमतीवाचून चालत नसेल, तर आपण मालक नसून भाडेकरू ठरतो.

दुसरी बाजूही खरी आहे. हे कुलूप चोरासाठी आहे; संकेत सर्वांना खुला केला तर तो चोरालाही खुला होईल. म्हणून आमचे म्हणणे कुलूप काढा असे नाही. नोंदणीची कागदपत्रे दाखविणाऱ्या मालकाला ओळख नाकारू नये, एवढेच आहे. मालकावरही जबाबदारी येते. भंगारातून आणलेला भाग चोरीचा नाही, याची त्याने खात्री करावी. बिघडलेला संगणक इंधन वाजवीपेक्षा अधिक सोडतो आणि त्याचा धूर शेजारच्याच्या छातीत जातो. म्हणून पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढविताना होणारी तपासणी आम्हांस जाच वाटत नाही. ज्या गाडीचा धूर दुरुस्तीनंतरही आटोक्यात येत नाही, तिच्यावरील प्रेमाची किंमत इतरांनी का द्यावी?

हा विचार मोटारीपाशी थांबत नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथल्या आपल्या घराण्यांचे किती भाग पिढ्यान्‌पिढ्या बदलले! बोलीत गुजराती, हिंदी, दखनी, कानडी शब्द आले, आजीच्या ओव्या गेल्या. त्याची हळहळ आपण फार करतो. पण घरात मराठी चालती आहे तोवर गेलेले पुष्कळसे पुन्हा शिकता येते, वापराने ते परत येते. सल वेगळा आहे. पुण्याचा पाहुणा दोन वाक्ये ऐकून विचारतो, "तुम्ही मराठीच ना?" तेव्हा किल्ली कोणा दुसऱ्याच्या हाती असल्याचे जाणवते. त्या पाहुण्याला दोष देण्यापूर्वी आपण आपल्या नातवंडांचा विचार करावा. त्यांची वाकडीतिकडी, हिंदी-कानडी वळणाची मराठी ऐकून आपणच हसलो, तर त्यांना ती ओळख दुसरे कोण देणार?